ऑइल पंपाचे अंतर्गत भाग कसे बदलावेत: स्पोर्ट्स कारच्या इंजिनावर प्रथमच काम करणाऱ्यांसाठी

ऑइल पंपाचे गिअर बदलण्याचे काम वरवर पाहता लहान वाटते, कारण बदलायचे भाग तळहातावर मावतात. त्या भागांपर्यंत पोहोचण्यासाठी मात्र इंजिनाची पुढची बाजू जवळजवळ पूर्ण उघडावी लागते, आणि जोडणीत राहिलेली एक चूक इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांत सगळी बेअरिंगे निकामी करू शकते. ज्यांनी तेल, ब्रेक पॅड, बेल्ट अशी कामे स्वतः केली आहेत, पण इंजिनाच्या पुढच्या कव्हरमागे कधी हात घातलेला नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसणारा आणि क्रँकच्याच वेगाने फिरणारा रोटर पंप येथे गृहीत धरला आहे; त्याच्या रोटरनाच सर्रास गिअर म्हटले जाते. साखळीने किंवा वेगळ्या शाफ्टने चालणाऱ्या पंपांची उघडण्याची पद्धत वेगळी असली, तरी मोजमापे आणि तपासणीची तत्त्वे तीच राहतात.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हे भाग तेलाचा दाब वाढवण्यासाठी बदलू नयेत. पंप तुटू नये म्हणून बदलावेत. या दोन उद्देशांत गल्लत झाली की चुकीचे भाग विकत घेतले जातात आणि मूळ दोष तसाच राहतो.

पंप काय करतो

पंप दाब निर्माण करत नाही, तो तेलाचा प्रवाह निर्माण करतो. बेअरिंगांच्या अरुंद फटींतून ते तेल वाट काढताना जो अडथळा होतो, त्यामुळे दाब तयार होतो. रोटर पंपात दातेरी आतला रोटर क्रँकशाफ्टवर बसतो आणि त्याच्याभोवती एक दात जास्त असलेला बाहेरचा रोटर फिरतो. दोघांची केंद्रे थोडी सरकलेली असल्याने त्यांच्यातील पोकळी एका बाजूला वाढत जाते आणि तेथे संपमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यातून, तेल ओढले जाते. दुसऱ्या बाजूला ती आकसते आणि तेल पुढे ढकलले जाते. वेग वाढेल तसा प्रवाह वाढतो, म्हणून ठरावीक दाबानंतर जास्तीचे तेल परत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह पंपातच बसवलेला असतो.

गिअर का तुटतात

बहुतेक कारखानी रोटर धातूची भुकटी साच्यात दाबून आणि भट्टीत तापवून केलेले असतात. ही पद्धत अचूक आणि स्वस्त आहे, आणि ठरावीक भार सहन करण्यास असे रोटर पुरेसे असतात. वारंवार बसणारे धक्के मात्र त्यांना मानवत नाहीत. असा रोटर वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतो.

हे धक्के कोठून येतात, हे समजून घेणे या साऱ्या कामाचा गाभा आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये ज्वलन झाले की क्रँकशाफ्टला क्षणभर पीळ पडतो आणि तो लगेच उलगडतो. फ्लायव्हीलकडचे टोक जड असल्याने तेथे हे पिळाचे कंपन कमी जाणवते, तर पुढचे मोकळे टोक सर्वाधिक थरथरते. पंपाचा रोटर नेमका याच टोकावर बसलेला असतो. क्रँकपुलीमधील रबराचा डॅम्पर हे कंपन शोषून घेतो, म्हणून वजन वाचवण्यासाठी डॅम्पर काढून अखंड ॲल्युमिनियमची हलकी पुली बसवणे हा पंपावर केलेला अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. रेव्ह लिमिटरवर, म्हणजे इंजिनाचा वेग ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणाऱ्या व्यवस्थेवर, इंजिन वारंवार आपटल्यानेही असेच घडते, कारण ज्वलन तुटते आणि पुन्हा सुरू होते, त्यासरशी रोटरच्या दातांवरील भार उलटसुलट होत राहतो. सुपरचार्जरचा ताणलेला बेल्ट क्रँकचे टोक एका बाजूला ओढतो, हा आणखी एक भार.

ही गोष्ट एका कंपनीपुरती नाही. 2011 सालच्या मस्टँगपासून फोर्डने वापरलेल्या 5.0 लिटर कोयोटी इंजिनात सुपरचार्जर बसवणारे लोक पोलादी गिअर जवळजवळ नियम म्हणून घालतात. टोयोटाच्या 2झेडझेड-जीई इंजिनात, जे सेलिकामध्ये आणि लोटस एलिसमध्येही वापरले गेले, उच्च आरपीएमवर चालणाऱ्या गाड्यांचे पंप गिअर फुटल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी26 इंजिनात अडचण थोडी वेगळी होती: सुरुवातीच्या क्रँकशाफ्टवर आतल्या रोटरला फिरवणारा सपाट भाग अरुंद होता, त्यामुळे सारा भार रोटरच्या थोड्याशा जागेवर येत असे, पुढे कंपनीने तो भाग रुंद केला. अशा जुन्या क्रँकशाफ्टवर नुसते मजबूत गिअर घालून भागत नाही, संपर्काची रुंदी वाढवणारी कॉलर बसवून घ्यावी लागते. सुबारूच्या ईजे इंजिनांत पंपाच्या मागच्या पट्टीचे स्क्रू सैल होतात आणि तेल आतल्या आत गळते. तेथे गिअर शाबूत असूनही दाब पडतो. आपल्या इंजिनाचा कमजोर दुवा कोणता, हे आधी शोधावे आणि मग भागांची यादी करावी.

पहिली पायरी: उघडण्यापूर्वी मोजमाप

डॅशबोर्डवरील दिव्यावर किंवा काट्यावर विसंबू नये. कित्येक गाड्यांतील दिवा दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो, तर काही काटे प्रत्यक्ष दाब न दाखवता ठरावीक मर्यादेत असताना मध्यभागी स्थिर राहतात. दाबाच्या सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज बसवावे, गाडी तेल पूर्ण तापेपर्यंत चालवावी आणि मग नोंद घ्यावी. पाणी तापले म्हणजे तेल तापले असे नसते. तेलाला बराच जास्त वेळ लागतो. जुना ढोबळ नियम असा की दर 1000 आरपीएममागे सुमारे 0.7 बार दाब असावा, पण अंतिम शब्द त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलचा.

या नोंदी नीट वाचल्या तर निम्मे निदान तेथेच होते. गरम इंजिनावर आयडलला दाब कमी, पण वेग वाढवल्यावर ठीक, असे दिसल्यास बेअरिंगांची झीज, पंपाची झीज किंवा फार पातळ तेल यांपैकी कारण असते. लांब वळणावर दाब कोसळत असेल, तर तेल संपच्या एका बाजूला चढून पिकअपचे, म्हणजे संपमधून पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीचे, तोंड उघडे पडते आहे. त्यावर उपाय संपमधील आडपडद्यांचा आहे, पंपाचा नाही. सरळ रस्त्यावर उच्च वेगात काटा थरथरत असेल, तर तेलात हवा मिसळत आहे. आरपीएम वाढवूनही दाब एका खालच्या आकड्यावर अडकत असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो.

जुने तेल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्यावे आणि त्यात चुंबक फिरवावे. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कण बेअरिंगच्या वरच्या थराचे असू शकतात, आणि तांबूस कण दिसले तर झीज त्याखालच्या थरापर्यंत पोहोचली आहे असे समजावे. अशा वेळी पंपाचे काम थांबवून आधी बेअरिंगे पाहावीत. झिजलेल्या इंजिनात नवा पंप घालून काही महिने ढकलता येतात, पण त्यानंतर क्रँकशाफ्टही गमवावा लागतो.

दुसरी पायरी: भाग निवडणे

मुख्य खरेदी म्हणजे अखंड पोलादातून कापलेले आतले आणि बाहेरचे रोटर. ते नेहमी जोडीने घ्यावेत आणि जोडीनेच बदलावेत. सोबत पंपाची मागची पट्टी कमकुवत किंवा घासलेली असेल तर तीही घ्यावी. पुढचे ऑइल सील, पिकअपची ओ-रिंग, गॅस्केट आणि कंपनीने एकदाच वापरण्यास सांगितलेले बोल्ट नवेच हवेत. यांत कसर करू नये.

जास्त प्रवाहाचा, म्हणजे रुंद रोटरचा पंप प्रत्येकाला लागत नाही. बेअरिंगांच्या फटी मुद्दाम मोठ्या ठेवल्या असतील, टर्बोला तेल पुरवायचे असेल किंवा ऑइल कूलरची लांब वाट वाढली असेल, तर तो योग्य ठरतो. अन्यथा जास्तीचे तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत फिरत राहते, तापते, आणि त्यासाठी इंजिनाची ताकद खर्च होते. शिवाय सिलिंडर हेडमधून तेल खाली उतरण्याची वाट अरुंद असेल, तर मोठा पंप उच्च वेगात संपच रिकामा करू शकतो.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालून दाब वाढवण्याची युक्ती नवख्यांना फार आकर्षित करते. शिममुळे फक्त वरची मर्यादा सरकते. आयडलवरील कमी दाब त्याने तसूभरही सुधारत नाही, कारण त्या वेळी व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो. उलट थंड इंजिनावर दाब अवाजवी चढून फिल्टरच्या सीलवर ताण येतो. ज्या आधुनिक इंजिनांत संगणक पंपाचा प्रवाह कमीजास्त करतो, तेथे तर स्प्रिंगला हातच लावू नये.

तिसरी पायरी: उघडणे

बॅटरी सोडवावी, इंजिन थंड होऊ द्यावे, आणि गाडी फक्त जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी. काढलेले तेल बंद डब्यात भरून पुनर्वापरासाठी द्यावे, नाल्यात किंवा जमिनीवर ओतू नये. प्रत्येक कप्प्याचे फोटो काढावेत आणि बोल्टची लांबी वेगवेगळी असल्याने ते पुठ्ठ्यावर त्यांच्या जागेप्रमाणे खोचून ठेवावेत.

क्रँकपुलीचा बोल्ट सैल करण्यापूर्वी एक गोष्ट तपासणे अत्यंत आवश्यक आहे. काही इंजिनांत क्रँकच्या टोकावरील टायमिंगच्या चाकाला किल्लीखाच नसते. ते केवळ त्या बोल्टच्या दाबाने धरलेले असते. असा बोल्ट सैल होताच टायमिंग हरवते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका निर्माण होतो. त्या इंजिनासाठी क्रँक आणि कॅम अडकवून ठेवणारी हत्यारे आधी मिळवावीत. किल्लीखाच असली तरी टायमिंगच्या खुणा जुळवून, त्यांवर रंगाचा ठिपका देऊनच पुढे जावे. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप याच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण पुन्हा हीच सगळी मेहनत करावी लागते.

पुली हातात आली की तिच्या रबराकडे पाहावे. भेगा पडल्या असतील, रबर बाहेर आले असेल किंवा बाहेरचे कडे आतल्या भागावर सरकलेले दिसत असेल, तर डॅम्पर नवा घ्यावा. पोलादी गिअर घालून मेलेला डॅम्पर परत बसवणे म्हणजे रोग तसाच ठेवून लक्षण झाकणे होय.

पंपाचे कव्हर काढताना खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये, ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर कायमचा ओरखडा उठतो. अडत असेल तर एखादा बोल्ट राहिला आहे असे समजून पुन्हा शोधावे.

चौथी पायरी: तपासणी आणि फटी

येथे घाई करू नये. कामाचा सर्वांत महत्त्वाचा तास हाच आहे.

पंपाची बॉडी पूर्ण धुऊन कोरडी करावी. मागच्या पट्टीवर नख अडकेल इतकी खोल रेघ असेल तर पट्टी बदलावी. रिलीफ व्हॉल्व्हचा पिस्टन बाहेर काढून तेल लावावे आणि परत सोडावा. तो स्वतःच्या वजनाने सरकत खाली गेला पाहिजे. अडखळत असल्यास तेथे कचरा किंवा ओरखडा आहे.

नव्या रोटरची जाडी मायक्रोमीटरने मोजून जुन्याशी ताडून पाहावी, मग तो बॉडीत ठेवून तीन फटी मोजाव्यात. पहिली बाहेरचा रोटर आणि बॉडी यांतील; दुसरी आतल्या व बाहेरच्या दातांच्या टोकांमधील; तिसरी रोटरचा वरचा पृष्ठभाग आणि मागची पट्टी यांतील. तिसरी फट मोजण्यासाठी बॉडीच्या तोंडावर अचूक सरळ पट्टी आडवी धरावी आणि तिच्याखाली फीलर गेजचे पाते सरकवावे. बहुतेक पंपांत ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते, 0.03 ते 0.10 मिलिमीटर हा नेहमी आढळणारा पल्ला, पण आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्येच पाहावा.

या तिसऱ्या फटीवर मी इतका भर देतो, त्याला कारण आहे. अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते, आणि गरम पातळ तेलावर आयडलचा दाब तेथेच हरवतो. उलट फट फार कमी असेल, तर बॉडी ॲल्युमिनियमची आणि रोटर पोलादाचा, त्यामुळे तापल्यावर दोघांचे प्रसरण सारखे होत नाही, आणि थंड असताना जेमतेम बसणारा रोटर तापमानाच्या एखाद्या टोकाला घासू शकतो. नवे पोलादी रोटर कारखान्यातून आले म्हणजे ते आपल्या पंपात अचूक बसतीलच, असे गृहीत धरू नये. आकडा मर्यादेबाहेर आला तर घासून कमी करण्याचा प्रयत्न घरी करू नये. मशीनशॉपकडे द्यावे किंवा जोडी परत करावी.

पाचवी पायरी: जोडणी

रोटरवरील खुणा आणि कडेचा उतार कोणत्या दिशेला हवा, हे मॅन्युअलमध्ये पाहून ठेवावे. सर्व पृष्ठभागांना जोडणीचे वंगण किंवा इंजिन ऑइल भरपूर लावावे. रोटरमधील पोकळ्या पेट्रोलियम जेलीने भराव्यात, कारण कोरडा पंप हवा ओढतो, तेल नाही. जेलीमुळे सुरुवातीची सीलबंदी मिळते आणि गरम तेलात ती विरघळून जाते. चाकांच्या बेअरिंगचे जाड ग्रीस येथे वापरू नये, ते तेलात नीट मिसळत नाही आणि फिल्टरमध्ये साचते.

मागच्या पट्टीचे स्क्रू तेलमुक्त करून त्यांवर मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावा आणि टॉर्क रेंचने सांगितलेल्या आकड्यापर्यंतच आवळावेत. यानंतर आतला रोटर हाताने पूर्ण एक फेरा फिरवून पाहावा. कोठेही अडखळला तर पुन्हा उघडावे, "चालू झाल्यावर बसेल" असे म्हणून पुढे जाऊ नये.

सील दंडगोलाकार हत्याराने सरळ आत बसवावे आणि त्याच्या ओठाला तेल लावावे. पंप क्रँकवर सरकवताना रोटरच्या सपाट बाजू क्रँकच्या सपाट बाजूंशी जुळवून घ्याव्यात. हातोड्याने ठोकून बसवलेला पंप पहिल्या मिनिटापासून वाकड्या भाराखाली असतो. काही इंजिनांत पंपाला जागा दाखवणाऱ्या पिना नसतात. तेथे सर्व बोल्ट हलके लावून, पंप क्रँकभोवती सगळीकडून सारखा मध्यावर आला आहे हे फीलर गेजने पाहून, मग टप्प्याटप्प्याने आवळावेत. सिलिकॉन सीलंटची रेघ बारीक आणि अखंड असावी. आत ओघळलेले सीलंट सुटून पिकअपच्या जाळीवर जाऊन बसते आणि दाब पडण्याचे कारण मग महिनोन्महिने कळत नाही.

सहावी पायरी: पिकअप

पिकअप ट्यूब आणि पंप यांच्यामधील ओ-रिंग हा साऱ्या इंजिनातील सर्वांत दुर्लक्षित भाग असावा. त्या जोडातून तेल बाहेर गळत नाही, कारण तो ओढणाऱ्या बाजूला आहे. तो हवा आत घेतो. त्यामुळे जमिनीवर एक थेंबही नसताना दाब थरथरतो, आणि माणूस निष्पाप पंपाला दोष देत बसतो. ओ-रिंग योग्य मापाची, तेल लावलेली आणि न चिमटलेली असल्याची खात्री करूनच ट्यूब बसवावी. ट्यूबचा आधार देणारा ब्रॅकेट तडकलेला नाही, हेही पाहावे.

पिकअपचे तोंड संपच्या तळापासून किती वर आहे, हे मऊ मॉडेलिंग क्लेचा गोळा ठेवून मोजता येते. क्लेचा गोळा तोंडाखाली ठेवावा, संप गॅस्केटसह तात्पुरता लावून काढावा आणि दबलेल्या क्लेची जाडी मोजावी. साधारण 6 ते 10 मिलिमीटर अंतर योग्य मानले जाते. त्याहून कमी असेल तर तेल ओढताना अडथळा होतो, जास्त असेल तर वळणावर तोंड लवकर उघडे पडते. क्लेचा शेवटचा कणही पुसून काढावा.

सातवी पायरी: तेल भरणे आणि पहिली सुरुवात

सीलंट वाळण्यास सांगितलेला वेळ पूर्ण द्यावा. नवा फिल्टर उभा बसत असेल तर तो आधीच तेलाने भरून लावावा. मग इंधन आणि इग्निशन दोन्ही बंद करून स्टार्टर एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त न चालवता, मध्ये विश्रांती देत, यांत्रिक गेजचा काटा उठेपर्यंत फिरवावा. काही प्रयत्नांनंतरही काटा उठला नाही, तर इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा आणि पिकअपची ओ-रिंग पुन्हा तपासावी.

दाब दिसल्यानंतरच इंजिन सुरू करावे, आणि एका माणसाने केवळ गेजकडे पाहत राहावे. दोन-तीन सेकंदांत दाब आला नाही किंवा येऊन पडला, तर तत्क्षणी बंद करावे. दाब स्थिर असेल तर पुढचे सील, संपचा सांधा आणि फिल्टर येथे गळती आहे का, ते पाहावे. थंड तेलावर इंजिन जोरात फिरवू नये. पूर्ण तापल्यावर आयडलला आणि 3000 आरपीएमला दाब मोजून, उघडण्यापूर्वीच्या नोंदीशेजारी लिहून ठेवावा. फक्त गिअर बदलले असतील तर आकडे फारसे हलणार नाहीत, आणि त्यात निराश होण्यासारखे काही नाही. ते गिअर दाबासाठी घातलेलेच नव्हते.

पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर तेल आणि फिल्टर बदलावेत. जुना फिल्टर कापण्याच्या हत्याराने उघडून, त्यातील कागद पिळून, पसरून उजेडात पाहावा. जोडणीनंतरचे अगदी बारीक चमकते कण थोडे दिसू शकतात. पातळ पापुद्रे, तांबूस चुरा किंवा चुंबकाला चिकटणारे लांबट तुकडे दिसले तर गाडी चालवणे थांबवून संप उतरवावा. दुसरा फिल्टरही तसाच उघडून पाहावा आणि दोन्हींतील कणांची तुलना करावी. दुसऱ्यात कण कमी झालेले असतील तरच इंजिन पुन्हा पूर्वीच्या रेव्ह लिमिटपर्यंत फिरवावे. यांत्रिक गेज काढून टाकण्यापूर्वी त्याच्या जागी ठरावीक दाबाखाली मोठा दिवा लावणारा सेन्सर बसवून घ्यावा, आणि तो दिवा चालकाच्या नजरेच्या सरळ रेषेत ठेवावा.